बापूजींच्या मापाचं मशीन

जुनेद माझ्या शेडमध्ये आला तेव्हा मी एका पट्टीवर रंधा मारत होतो. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान नेरच्या बसस्टँडसमोर आहे, आणि त्याच दुकानात त्याने फोनचा बूथही ठेवलेला होता. भर दुपारी तो दुकान सोडून कधी येत नसे. त्याने माझ्या हातातून रंधा काढून घेतला आणि पट्टीवर आडवा ठेवला. मग म्हणाला, "गोपालभाऊ, बोरीवरून फोन आलता. वहिनी गेल्या."

मी विचारलं, फोन कोणी केला होता. करणारा माणूस चुकीचा निघाला तर बातमीही चुकीची निघेल असं मला वाटलं असावं. जुनेदने विमलच्या मावसभावाचं नाव सांगितलं. विमल, माझी बायको, बोरी अरबला मावशीकडे कुरडया करायला गेली होती. दरवर्षी उन्हाळ्यात जायची. सकाळी चहा प्यायली, छातीत दुखतं म्हणाली, आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मला घरी जाऊन हे बापूजींना सांगायचं होतं. बापूजी म्हणजे विमलचे वडील. ते आमच्याकडेच राहत. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही तिघंच.

ते ओसरीत बाजेवर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडी कोणत्या डेपोची होती?"

आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली होती. गावाला गेलेला माणूस मेला म्हणजे गाडीनंच मेला, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. मी सांगितलं, गाडी नव्हती, दुखणं होतं. ते पुन्हा म्हणाले, डायव्हर कोण होता ते विचारा.

आम्ही जीप करून तिला आणायला गेलो. परत येताना मागे तिला ठेवलं होतं, मी तिच्याजवळ होतो, बापूजी पुढे बसले होते. रस्त्यावर खड्डा आला, की ते जीपवाल्याला म्हणायचे, "हळू घे." गतिरोधक आला, की म्हणायचे, "हळू घे." तो पोरगा हळू घ्यायचा. नेर येईपर्यंत असंच चाललं.

*

बापूजी जावयाच्या घरी कसे, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. बापूजी नोकरीत होते तेव्हा अमरावती-यवतमाळ गाडी घेऊन नेरवरून जायचे. विमल स्टँडवर डबा घेऊन उभी राहायची. डबा ते खायचे, कारण तो स्टँडवर खायचा असे, घरात नाही. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. रिटायर झाल्यावर त्यांना लकवा मारला, उजवा हात लुळा पडला. तेव्हा विमल त्यांना सरळ घेऊन आली. ते नाही म्हणत होते. ती म्हणाली, इथी सासू नाही, सासरा नाही, मग हे सासर कायचं? हे माह्यं घर हाय. ते आले, पण पाण्याची बाटली सोडली नाही. घरातल्याच माठातलं पाणी बाटलीत भरून प्यायचे. विमल त्यावर हसायची.

हात गेला तरी त्यांचं गाडीचं वेड गेलं नव्हतं. शेजारी तुळसाबाईच्या अंगणात तिच्या दिराचा ट्रॅक्टर उभा असतो. एकदा बापूजी त्यावर चढले आणि डाव्या हातानं चालू करून फाटकापर्यंत घेऊन गेले. फाटक मोडलं नाही, पण तुळसाबाई पंधरवडाभर सगळ्या गल्लीला सांगत होती. त्यानंतर विमल त्यांच्यावर नजर ठेवू लागली.

एक दिवस ती जुनेदच्या बूथवर फोन करायला गेली आणि बापूजी तिला तिथेच सापडले. जुनेदने पूर्वी स्टँडमागे व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं होतं. त्या काळात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, मापाच्या रांगेत दिवसचे दिवस उभ्या राहायच्या. रांगेतली माणसं आणि पोट्टे पार्लरमध्ये येऊन बसायचे. पुढे कापसाचा भाव गेला, रांगा गेल्या, पार्लर बंद झालं. बाकीची मशीनं जुनेदने विकली. गाडी चालवायचं एक मशीन कोणी घेतलं नाही, कारण ते बैलजोडीएवढं मोठं होतं. आत बसायला सीट, समोर टीव्ही, स्टिअरिंगचं चाक, पायात पायडल. ते दुकानाच्या मागच्या खोलीत ताडपत्री टाकून पडलं होतं. बापूजी ताडपत्री काढून त्याच्या सीटवर बसले होते. मशीन बंद होतं. ते समोरच्या काळ्या काचेकडे बघत होते आणि पाय ब्रेकवर होता.

विमल घरी आली आणि मला म्हणाली, ते मशीन घरी आणा.

मी म्हणालो, एवढं धूड ठेवायचं कुठं?

"लहान करा. सुतार कायले झाले मंग?"

तिने जागाही दाखवली. ओसरीत धान्याची कोठी आणि भिंत यांच्यामध्ये तिची शिलाई मशीन होती. ती म्हणाली, माह्यी मशीन आत नेऊन टाकू, इथी बाबाची गाडी बसवू. घरात बसून चालवतील, ट्रॅक्टरवर तरी चढणार नाहीत.

मी हो म्हणालो. जुनेदही हो म्हणाला. मशीन कापून त्याचं लहान कपाट कसं करायचं यावर आम्ही दोघं चहा पीत बोलायचो. कामाची मला घाई नव्हती, कारण कामच नव्हतं. कापूस पडला तशी लग्नं पुढे गेली, आणि लग्नं पुढे गेली तसे दिवाण आणि आलमाऱ्या करून घेणारे लोकही गेले. विमल कुरडयांना गेली तेव्हा कागदावरसुद्धा काही नव्हतं. नुसतं बोलणं झालं होतं.

*

तेरवी झाली आणि विमलचा भाऊ गुणवंत बापूजींना न्यायला थांबला. तो उमरखेडला कापडाच्या दुकानात कामाला आहे. चांगला माणूस आहे. त्याचं घर दोन खोल्यांचं, त्यात चार माणसं. तरी तो म्हणाला, बाबा, चला आता.

बापूजींनी आपली लोखंडी पेटी भरून ठेवलीच होती. तेरवीपर्यंत ते थांबले तेच मला जास्त वाटत होतं. विमल गेल्यापासून ते ताटात दुसऱ्यांदा काही घेत नव्हते. मी भाकर वाढायला गेलो, की ताटावर हात ठेवायचे. ते मला म्हणाले, "जवाईबुवा, पोरगी होती तवा तिचं घर होतं. आता मी कोणाच्या घरी राह्यलो?"

माझ्या घरी राहा असं मी म्हणू शकलो असतो, पण जावयानं सासऱ्याला असं म्हणायचं आणि सासऱ्यानं ते ऐकायचं, अशी आमच्यात रीत नाही. आमच्या दोघांमध्ये जे काही होतं ते विमलमधून होतं. ती मधे नसताना एकमेकांशी काय बोलायचं हेही आम्हाला माहीत नव्हतं.

आणि मला ते जायला नको होते. एवढं मला नक्की कळत होतं. ते गेले असते तर संध्याकाळी शेड बंद करून घरी जायला कारण उरलं नसतं. मी शेडमध्येच झोपलो असतो.

मी म्हणालो, "बापूजी, ते मशीन तुमच्या मापानं करायचं हाय. माप देऊन जा. विमलनं सांगतलं होतं."

त्यांनी पेटीकडे बघितलं. मग गुणवंतला म्हणाले, "माप देऊन येतो."

गुणवंत एकटा उमरखेडच्या गाडीत बसला.

*

माप घेणं सोपं असतं. बसलेल्या माणसाची उंची, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत. ते मी एका सकाळी घेऊ शकलो असतो. पण मला जागेचीही अडचण होती. विमलनं सांगितलं होतं तशी तिची शिलाई मशीन आत न्यायला मी गेलो आणि तिच्यावरचं कापड काढलं. सुईखाली अर्धवट शिवलेली उशीची खोळ तशीच होती. मी कापड परत टाकलं. मशीन तिथेच राहिली. म्हणून आता बापूजींची गाडी शिलाई मशीन आणि कोठी यांच्या मधल्या फटीत बसवायची होती. तेवढ्या जागेत आलमारीचं फार तर एक दार मावलं असतं.

मी जुनेदला जागा दाखवली. तो म्हणाला, "यात तं मोटरसायकलबी बसणार नाही, भाऊ."

मी म्हणालो, बसवू.

आम्ही जुनं मशीन त्याच्या मागच्या खोलीत उघडलं. उंदरांनी सीट खाल्ली होती. आतून बघितल्यावर कळलं, की एवढ्या मोठ्या खोक्यात खरा माल थोडाच होता. एक टीव्ही, एक सर्किटची पाटी, करंट देणारा डबा, चाक, पायडल आणि एक स्पीकर. बाकी सगळी मोकळी जागा आणि दिखावा. पैसे टाकायचं दार तर काढूनच टाकायचं होतं. टीव्ही मोठा होता. जुनेद म्हणाला, त्याच्या जागी आपण चौदा इंची टीव्हीची नळी बसवू, माझ्याकडे पडून आहे. टीव्ही उभा मांडण्याऐवजी मागे कलता ठेवला आणि पाटी सीटखाली घेतली तर लांबी निम्मी होत होती. उष्णता जायला मागे भोकं पाडावी लागणार होती. मी म्हणालो, कोठीकडे भोकं नको, ज्वारी तापेल. ती वर घेऊ असं ठरलं.

लाकूड कापण्याआधी मी अंगणात विटा रचून सगळं मांडून बघितलं. विटांवर फळी, ती सीट. समोर पुठ्ठ्याचा टीव्ही. पायडलच्या जागी दोन पाट. चाकाच्या जागी काही गोल पाहिजे होतं, म्हणून तुळसाबाईची मोठी परात मागून आणली. बापूजी फळीवर बसले आणि डाव्या हातानं परात धरली. मी खाली वाकून गुडघ्याचं माप घेत होतो.

तुळसाबाई कुंपणापाशी आली. तिने विचारलं, "काहून बापूजी, गाडी कुठची?"

"अमरावती."

"मंग मले बडनेऱ्याले उतरून देजा."

"तिथी थांबा नाही. जलद गाडी हाय."

"जलद असो का पॅसेंजर, परात सांजच्याले डेपोत जमा पाहिजे. कणीक मळाची हाय मले."

बापूजी हसले नाहीत, पण परात त्यांनी लगेच सोडलीही नाही. विमल गेल्यापासून त्यांनी कोणाला उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी पहिल्याच भाकरीतली अर्धी ते ताटात ठेवायचे, त्या दिवशी ठेवली नाही, एवढंच. दुसरी घेतली नाही.

*

पुढे जे झालं ती चूक जुनेदची आणि माझी मिळून होती. दुसऱ्या कोणी ती केली नसती.

मशीनचं मूळ चाक लहान होतं, खेळण्यातल्यासारखं. ते एक फेराही पूर्ण फिरत नसे. बापूजी म्हणाले, "हे काय चाक हाय? चाक मांडीवर आलं पाहिजे. फिरवलं तं खांद्याले समजलं पाहिजे." म्हणून मी यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या बसचं चाक आणलं. नुसतं चाक आणलं असतं तर चाललं असतं. पण नुसतं चाक गरागरा फिरतं, त्याला जोर लागत नाही, म्हणून मी त्याचा खांब आणि खालची दात्यांची पेटीही आणली. जुनेदलाही ते पटलं. दोघांनाही वाटलं, की खरं सामान म्हणजे चांगलं सामान.

जुन्या चाकाच्या मागे एक कंट्रोल होता. रेडिओच्या आवाजाचं बटण असतं तसाच. चाक जेवढं फिरेल तेवढी टीव्हीतली गाडी वळते. जुनेदने तो बसच्या खांबाला जोडला. बापूजी बसले, त्यांनी चाक डावीकडे घेतलं. बसचं चाक चांगले चार-पाच फेरे फिरतं. कंट्रोल एक फेराही फिरत नाही. पहिल्याच वळणाला कट्ट आवाज आला आणि कंट्रोलचा दांडा तुटला.

जुनेदने दुसरा कंट्रोल आणला आणि या वेळी त्या दात्यांच्या पेटीखाली जोडला. तिथला दांडा चाकाच्या मानाने थोडासाच हलतो. आता तुटायची भीती नव्हती. पण वर चाक कितीही फिरवलं तरी टीव्हीतली गाडी सावकाश वळायची. जुनेदने चालवून बघितलं. पहिल्या वळणावर गाडी झाडात. दुसऱ्यांदा रस्त्याकडेच्या पाटीवर. तो म्हणाला, "हे नाही चालत, गोपालभाऊ. हे रेसचं मशीन हाय आन आपण त्याले बस लावली."

बापूजी म्हणाले, उठ.

ते बसले. मी खटका दाबला. गाडी सुटली. पहिलं वळण दिसलं तसा त्यांनी पाय उचलला, ब्रेक दिला, आणि डाव्या हातानं चाक ओढत ओढत पूर्ण वळवून गाडी वळणातून व्यवस्थित काढली. बाजूनं दुसऱ्या गाड्या जोरात निघून जात होत्या. प्रत्येक गाडीला ते बाजू देत होते. ते रस्त्याच्या डाव्या कडेनं चालले होते.

"दोनच गेर हाय याले," ते म्हणाले. "घाट कसा चढते हा?" मग थोड्या वेळानं, "रस्त्यावर हात दाखवाले कोणीच कसं नाही?"

जुनेद म्हणाला, "बापूजी, जोरात घ्या. टाइम चालू हाय वर."

"टाइम असू दे. वळणावर जोरात कोण जाते? ज्याले घरी कोणी नाही तो जाते."

तेवढ्यात वरचा आकडा संपला, गाडी आपोआप थांबली आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली. बापूजींनी विचारलं, काय लिहिलं. जुनेद म्हणाला, वेळ संपली, तुम्ही पहिल्या थांब्यावरबी पोचले नाही.

तो हसत म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण बापूजींनी पाय पायडलवरून काढले. नोकरीत त्यांनी गाडीला अपघात केला नव्हता आणि डेपोत उशिराही नेली नव्हती. हे त्यांना कोणी विचारलं नाही तरी ते सांगत. त्यांनी पुन्हा चालवलं नाही. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सकाळी पेटी बाजेवर होती. ते म्हणाले, "माप झालं तुमचं. मले उमरखेडच्या गाडीत बसवून द्या."

मी शेडमध्ये जाऊन बसलो. मला खूप थकल्यासारखं वाटत होतं. विमल असती तर ती दोन शब्दांत त्यांना बाजेवर परत बसवू शकली असती. मला ते शब्द माहीत नव्हते. मला फक्त लाकडाचं माहीत होतं. शेवटी मी परत गेलो आणि जे माहीत होतं तेच बोललो.

"बापूजी, सीट उंच झाली. माह्यी चूक झाली. उंच सीटमुळे तुमचा पाय आपसूक ब्रेकवर जाऊन राह्यला. म्हणून लेट झाली गाडी."

त्यांनी सीटकडे बघितलं. सीट बरोबर होती. त्यांनाही ते माहीत असणार. ते म्हणाले, "मंग खाली घ्या."

"घेतो. पण पुन्हा बसून दाखवा लागन."

"दाखवतो," ते म्हणाले आणि पेटी बाजेखाली गेली.

*

त्यानंतर जुनेदने सर्किटच्या पाटीवरच्या बारीक खटके हलवून वेळ जास्तीत जास्त वाढवून दिली. बापूजींना आम्ही ते सांगितलं नाही. आता ते पहिल्या थांब्यापर्यंत पोहोचू लागले. कधी दुसऱ्याही. पोहोचले, की ब्रेक लावून थांबायचे, जणू माणसं उतरत आहेत. मग वेळ पुन्हा संपायची. पण आता त्याचा दोष माझ्या कपाटावर यायचा. सीट खाली झाली तर टीव्ही वर झाला. टीव्ही खाली घेतला तर चाकाचा खांब कलता पाहिजे. खांब कलता केला तर पायडल पुढे पाहिजे. मी तासायचो, कापायचो, पुन्हा जोडायचो. पावसाळा असा गेला. ते जेवताना ताटावर हात ठेवायचे ते कधी बंद झालं, हे माझ्या लक्षात आलं नाही. पाणी मात्र बाटलीतलंच.

मला राग यायचा. सुताराला एकच काम पुन्हा करायला लावणारं गिऱ्हाईक नको असतं. एकदा मी जुनेदला म्हणालो, या म्हाताऱ्याला काय पाहिजे तेच कळत नाही. जुनेद म्हणाला, "तुले कळत नाही, त्याले बराबर कळते."

दिवाळी झाल्यावर बापूजी म्हणाले, सीट दोन बोटं वर घ्या. मी पट्टी लावून बघितलं. दोन बोटं वर घेतली तर सीट बरोबर तिथेच येत होती जिथे ती पहिल्या दिवशी होती. मी फूटपट्टी हातात घेऊन ओसरीत बसून राहिलो. बापूजी आपल्या जागी बसले होते, शिलाई मशीन आणि कोठीच्या मधे, डावा हात चाकावर. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग मी स्क्रू काढायला लागलो. त्या दिवशी राग आला नाही.

*

त्याच आठवड्यात गुणवंत आला. त्याने ओसरीत कपाट बघितलं. बाजूच्या फळ्या लागल्या होत्या, टीव्ही बसला होता, चाक होतं, सीट होती. त्याने चाक फिरवून बघितलं आणि हसला. मग मला म्हणाला, "भाऊजी, खरं सांगा. आता किती काम राह्यलं? उरकलं का मी बाबाले घेऊन जातो. लोकं विचारून राह्यले मले. लेक गेली आन बाप अजून जवायाच्या घरी, म्हणते."

बापूजी सीटवर होते. टीव्ही बंद होता. त्यांनी मान वळवली नाही.

मी गिऱ्हाईकाला उद्या म्हणून परवा दिलेलं आहे, सगळेच सुतार देतात. पण ज्याचं काम झालं आहे ते झालं नाही असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि हे काम होत आलं होतं. खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची पेटी त्याच दिवशी दुपारच्या गाडीत चढली असती.

मी म्हणालो, "अजून लई हाय."

गुणवंतने पुन्हा कपाटाकडे बघितलं. "मले तं झाल्यासारखं वाटून राह्यलं."

"तुले काय समजते?" बापूजी म्हणाले. त्यांनी अजूनही मान वळवली नव्हती. "आरसा कुठी हाय याले? बिनआरशाची गाडी डेपोतून भायेर काढत नसते."

आरशाचं त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा, टीव्हीतल्या गाडीले आरसा कायले पाहिजे?"

"मांगून कोण येऊन राह्यलं ते दिसाले."

गुणवंत मागे वळला. मागे मी उभा होतो, पकड हातात घेऊन. आम्ही तिघं जेवलो. मी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती, भाजी करपली होती. बापूजींनी दोनदा घेतली. गुणवंतने ते बघितलं.

मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. उमरखेडकडची गाडी लागली होती. चढताना तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हाले तरास तं नाही ना होत?"

मी म्हणालो, नाही.

"मंग आरसा चांगला लावजा. घाई नका करजा."

त्याला आता दीड महिना झाला. आरसा अजून आणलेला नाही. मागची फळी अर्ध्या स्क्रूंवर आहे. पायडलच्या स्प्रिंगा बदलायच्या आहेत, स्पीकर खरखर करतो तो बघायचा आहे, आणि पॉलिशला अजून हात लावलेला नाही.